समास कोरा का?

प्रमाणपत्राला फ्रेम करून घेतलीस म्हणे. कॉम्प्युटरच्या शेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी ठेवली आहेस. दोन दिवसांची कार्यशाळा, चहा चार वेळा, शेवटी सगळ्यांचा फोटो. छान. आता त्या फ्रेमच्या शेजारी जे पडलंय त्याबद्दल बोलू. तिसरं प्रूफ. पानं २५९. तू तपासलेलं, खाली सही ठोकून माझ्याकडे पाठवलेलं. वर चिठ्ठी : ‘बाई, फक्त एकदा नजर टाका, काही राहिलेलं नाही.’

काही राहिलेलं नाही! अरे, अख्ख्या पुस्तकाच्या समासात लाल शाईचा एक ठिपका नाही. इतकं निष्कलंक प्रूफ मी सत्तेचाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. म्हटलं, एकतर टाइप करणाऱ्याच्या बोटांत साक्षात सरस्वती बसली होती, नाहीतर तपासणारा झोपला होता. चष्मा पुसला आणि सातवं पान उघडलं. ‘जागतिक पुस्तक दीन.’

तेवीस एप्रिलला पुस्तकाचा दिन असतो रे. दीन म्हणजे गरीब, बापुडा. तुझ्या हाती पडल्यावर पुस्तक दीन होणारच म्हणा, पण ते छापून जाहीर कशाला करायचं?

पुढे चल. पान ३१, ‘सह्याद्रीच्या दर्या’. दर्या म्हणजे समुद्र. लेखकाला दऱ्या म्हणायच्या होत्या. पान ५८, बहिणीचं लग्न : ‘आचार्यांनी पहाटेपासून जिलब्या तळल्या.’ कुठले आचार्य? विनोबा? बिचाऱ्या आचाऱ्यांना तू एका रफारात विद्यापीठात पोहोचवलंस. पान ९०, ‘कवीसंमेलन’. पान ९१, पुन्हा ‘कवीसंमेलन’. पान ९४ला मात्र ‘कविसंमेलन’, बरोबर, कारण ते चुकून बरोबर आलंय. एका प्रकरणात एकाच शब्दाची दोन रूपं, आणि तुझ्या डोळ्याला खुपलं नाही? एकटा असतो तो कवी, दीर्घ. समासात पहिला आला की तोच कवि, ऱ्हस्व. शाळेत शिकलास. एम.ए.ला शिकलास. मराठी घेऊन एम.ए. केलंस ना तू? की तीही दोन दिवसांची कार्यशाळा होती?

समास म्हणजे कडेची कोरी जागा आणि समास म्हणजे दोन शब्दांची सोयरीक. तुझा एकही धड नाही. कडेचा कोरा, आतला चुकलेला.

आता तुझी सबब मीच म्हणते, तुझे कष्ट वाचव. ‘बाई, सॉफ्टवेअरमधून काढलं होतं.’ काढलं असशील. मग? ‘दीन’ हा शब्द आहे की नाही? आहे. ‘दर्या’ आहे? आहे. ‘आचार्य’? आहे. यंत्राने का म्हणून हरकत घ्यावी? त्याला शब्द बरोबर लागतो, जागा नाही कळत. सह्याद्रीत लाटा फुटत नाहीत आणि आचार्य कढईपाशी बसत नाहीत हे कळायला माणूस ठेवलाय. तो माणूस तू. पगार तुझ्या खात्यात जमा होतो, सॉफ्टवेअरच्या नाही.

आणि या चुका आल्या कुठून, हे तरी विचारलंस का स्वतःला? लेखकाची फाइल जुन्या फॉन्टमधली. ती युनिकोडमध्ये आणताना सगळे ‘ऱ्या’ झाले ‘र्या’. हे काही गूढ नाही. ज्याने एकदा मार खाल्लाय तो फाइल उघडली की पहिल्यांदा ‘र्या’ शोधतो आणि एकेक जागा बघत जातो. एकेक म्हणतेय मी. सगळे एका फटक्यात बदलशील तर ‘कार्यालया’चं ‘काऱ्यालय’ करून ठेवशील. अर्ध्या तासाचं काम. हा अर्धा तास कुठे गेला? मी सांगू? त्या अर्ध्या तासात तू ‘प्रकाशनक्षेत्रातल्या करिअरच्या संधी’ असा व्हिडिओ बघत होतास.

चुकतंय का माझं? नाही ना? मग मान वर कर.

बरं, दुरुस्त्या तू अजिबात केल्या नाहीस असंही नाही. दुसऱ्या प्रुफात एक केली होतीस, मला सापडली. लेखकाची आजी बोलते तिथे ‘न्हाई’ होतं. ते तू ‘नाही’ केलंस. सगळीकडे. नेमाने. वा रे पठ्ठ्या! म्हातारी सत्तर वर्षं ज्या जिभेने बोलली ती तू कापून तिथे पुण्याची बसवलीस. आणि निवेदनातलं कवीसंमेलन तसंच राहू दिलंस. जिथे हात लावायचा नाही तिथे लावला, जिथे लावायचा तिथे खिशात. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठरा. चौदा १९६२चे, चार १९७२चे. पाचसहा पानांत मावतात. त्यांतच लिहिलंय की पात्राच्या तोंडी बोली असेल तर बोलीच ठेवावी. अठरा नियम वाचायला कुठलं विद्यापीठ लागतं? अरुण फडक्यांनी तर पुस्तकाचं नावच ठेवलं ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’. यास्मिन शेख यांचा शब्दलेखनकोश तुझ्या ऑफिसच्या कपाटात आहे. मी स्वतः ठेवलाय. परवा उघडला तर आतली पानं एकमेकांना चिकटलेली.

शब्दांचं सोडू. पान १३७वर ये. माझं खरं भांडण या पानाशी आहे.

लेखक निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या पुढे. आठवणी लिहिल्यात. १९५६ सालची संयुक्त महाराष्ट्राची सभा, मैदान तुडुंब, आणि व्यासपीठावरून बोलतायत कोण? साने गुरुजी. वाचलंस तू हे. तीनदा वाचलंस, तीन प्रुफं झाली. गुरुजी ११ जून १९५०ला गेले. सहा वर्षांनी सभेला आले आणि तू त्यांना खुर्ची दिलीस!

‘लेखकाने तसंच लिहिलं होतं, बाई.’ हो, लिहिलं होतं. म्हाताऱ्या माणसाची आठवण घसरते. म्हणून तर संपादक लागतो. आणि नुसती चूक धरून भागत नाही, ती का झाली तेही कळावं लागतं. डोकं चालव. ‘श्यामची आई’ गुरुजींचं. त्यावर १९५३ साली सिनेमा काढला आचार्य अत्र्यांनी, त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आणि छप्पन्न साली संयुक्त महाराष्ट्राची मैदानं गाजवत कोण होते? अत्रे. लेखक तेव्हा शाळकरी पोर. सिनेमा पाहिला, भाषण ऐकलं, साठसत्तर वर्षांत दोन्ही नावं एकात एक मिसळली. तू समासात एवढंच लिहायचं होतंस : ‘साने गुरुजी की आचार्य अत्रे? कृपया पाहावे.’ सहा-सात शब्द. लेखकाने कपाळावर हात मारून घेतला असता आणि तुला आयुष्यभर दुवा दिला असता. हे पान तसंच छापून गेलं असतं, तर हसं कोणाचं झालं असतं? त्या म्हाताऱ्याचं. पहिलंच पुस्तक आहे त्याचं, आणि बहुतेक शेवटचं.

आणि गंमत बघ. याच पुस्तकात ‘श्यामची आई’तला एक लांब उतारा घेतलाय. त्याच्या परवानगीसाठी तू तीन आठवडे वारसांचे पत्ते शोधत फिरत होतास. फोनवर फोन. मला वाटलं, पोरगं कामाला लागलं. मग बोटं मोजली. लेखक गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं, हा आपला कायदा. गुरुजी गेले १९५०ला. २०१० संपलं तेव्हा हक्क संपला. तीन आठवडे घालवलेस ते सुटलेल्या गाडीचं तिकीट काढण्यात. आणि ज्याची परवानगी लागते त्याचं काय? उताऱ्यासोबतचं ते रेखाचित्र कोणत्या आवृत्तीतून उचललंत? चित्रकार कोण? आहे की गेला? गेला तर कधी? लेखकाचा हक्क वेगळा, चित्रकाराचा वेगळा. तिथे तू एक फोन केला नाहीस.

कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याचं १९वं कलम वाच. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरता, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. गेल्या महिन्यात तू अनुवादाच्या कराराचा मसुदा केलास त्यात यातलं काय होतं? ना मुदत, ना प्रदेश. खाली फक्त ‘आपला स्नेहांकित’. करार होता की लग्नाची पत्रिका?

आणखी एक. पानं २५९ का? सोळा पानांचा फॉर्म, सोळा फॉर्मची झाली २५६. वरची तीन पानं कशासाठी? त्या तिघांसाठी आणखी कागद, आणखी छपाई, मागे कोरी पानं. चार प्रकरणांच्या शेवटी दोनदोन ओळी लोंबकळतायत. त्या ओढून घेतल्या असत्या तर पुस्तक २५६ला बसलं असतं. तुला विचारलं तर म्हणालास, ‘ते डीटीपीवाले बघतात.’ आयएसबीएन? ‘ते ऑफिसमधले दादा बघतात.’ प्रकाशनापासून तीस दिवसांत कायद्याने ग्रंथालयांना प्रती धाडायच्या असतात, त्या? ‘ते गोडाऊनवाले बघतात.’ अनुक्रमणिकेत प्रकरण आहे १४१वर, प्रत्यक्षात १४५वर, ते कोण बघतं? देव? सगळे सगळं बघतात, मग तू काय बघतोस? आरसा?

थांब, मला माहीत आहे आता काय म्हणणार. ‘मुद्रितशोधन हे माझं क्षेत्रच नाही, बाई. मला पुस्तकं घडवायची आहेत. श्रीपुंसारखं.’ परवा चहाच्या टपरीवर म्हणालास. मी ऐकलं आणि गप्प बसले, कारण हातात गरम पेला होता.

श्री. पु. भागवतांचं नाव घेतोस. ‘सत्यकथा’ बंद पडली १९८२ला, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी, तरी ते नाव तुझ्यापर्यंत आलं. कशाने आलं? मासिक होतं, छापखाना होता, एवढ्याने? छापखाने छप्पन्न होते गिरगावात. आलेली कथा नुसती परत न करता ती कुठे ढिली पडलीय हे लेखकाला पत्राने कळवणारी माणसं तिथे बसली होती. राम पटवर्धन तिथलेच. त्यांनी अनुवाद केलेलं पुस्तक सांग, म्हटलं होतं तुला. आठवतंय? तू छताकडे बघितलंस. ‘पाडस’, शहाण्या, ‘पाडस’! तुझ्या टेबलापासून सात पावलांवरच्या फळीवर आहे. श्रीपु व्हायचंय आणि पान ९० नीट वाचवत नाही. ज्याला स्वल्पविराम दिसत नाही त्याला कथेतली पोकळी दिसेल? ती दिसायला याच डोळ्याला वळण लागावं लागतं, दुसरा डोळा मिळत नाही.

‘पण आपल्याकडे शिकवतं कोण?’ ही तुझी लाडकी सबब. हिच्यावर मी जरा बसणार आहे.

अभ्यासक्रम आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट प्रकाशनाचे छोटे अभ्यासक्रम घेत आलंय. कोलकात्याला सीगलने प्रकाशनाची शाळा काढली. इग्नूने पुस्तक प्रकाशनाची पदविका काढली. मराठीत मात्र धड, लांब पल्ल्याचं फारसं काही नाही, हे मी कबूल करते. आमच्या पिढीचा तो कंजूषपणा आहे. आम्ही जे हातातून शिकलो ते वहीत उतरवलं नाही. ही शिवी मी खाते. पण तू कुठल्या तोंडाने मागतोस? कार्यशाळेत गेलास, त्याची वही दाखव म्हटलं, तर फोन पुढे केलास. पडद्यावरच्या स्लाइडांचे फोटो. एकशे चौदा. त्यातले परत किती उघडलेस? खरं सांग. एकही नाही.

जावजी दादाजी कोण, माहीत आहे? निर्णयसागर छापखान्याचे. घरी गरिबी, शिक्षण बेताचं. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात लागले ते टाइप घासायच्या कामावर. घासायच्या! त्या पोराने घासता घासता अक्षराचं वळण डोळ्यांत साठवलं. १८६४ला स्वतःचा टाइपाचा कारखाना, १८६९ला निर्णयसागर. पुढे तिथली संस्कृत पुस्तकं देशभरचे पंडित डोळे मिटून विश्वासाने घेत. त्यांना कोणी विचारलं होतं का, बाळ, तुझी पदविका कुठली?

तू म्हणशील, जुन्या गोष्टी सांगता. बरं, माझी सांगते, तीही जुनीच आहे. १९७८ साली मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात लागले. खिळ्यांचे दिवस. दोन वर्षं मला खूण करायला पेन दिलं नाही. मी फक्त कॉपी वाचायची. म्हणजे हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि समोर मुख्य मुद्रितशोधक प्रुफावर बोट ठेवून ऐकणार. नुसते शब्द नाही. ‘नवा परिच्छेद, अवतरण सुरू, तो ऱ्हस्व नि लगेच स्वल्पविराम, अवतरण पूर्ण.’ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. घसा बसायचा. त्या माणसाने दोन वर्षांत कौतुकाचा शब्द उच्चारला नाही. पण एका पावसाळ्यात मी वाचता वाचता थांबले. म्हटलं, मागच्या फॉर्मात हिची काकू होती, इथे मामी झालीय. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर लाल पेन होतं. माझं प्रमाणपत्र ते. शाई कधीच संपली, पेन आहे अजून.

तुला लाल पेन पहिल्या दिवशी मिळालं. फुकट मिळालं म्हणून किंमत नाही.

पैशाचं म्हणतोस तेही खरं. पानामागे मिळणारा दर सांगायला मलाही लाज वाटते. भांड मालकांशी. मी येते बरोबर, तुझ्या बाजूने बोलते. पण दर कमी म्हणून पान न वाचता सही करायची? त्याला असहकार म्हणत नाहीत. कमी पैसे मिळाले म्हणून अर्धी दाढी करून गिऱ्हाईक बाहेर काढणारा न्हावी पाहिलायस कधी?

एवढं तोंड मी कोणासाठीही वाजवत नाही. तुझ्या बॅचमध्ये अकरा जण होते. बाकीच्या दहांना मी ‘छान हं’ म्हणते आणि सोडून देते. माझा वेळ मलाही प्यारा आहे.

तुला का सोडत नाही, सांगते. तू रुजू झालास त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. ग्रामीण कादंबरी होती. मी वाचली होती, लेखकाने चारदा वाचली होती, मालकांनी वाचली होती. तू पेन्सिलीने समासात बारीक अक्षरात लिहिलंस : ‘श्रावणात हुरडा कसा?’ बस. आम्ही पेठेतली माणसं, आम्हाला हुरडा हिवाळ्यातला हे माहीत असूनही दिसलं नव्हतं, कारण वाक्य गोड होतं आणि आम्ही वाक्यावर भाळलो. तू बार्शीकडचा, वडिलांच्या शेतात कणसं भाजलेला, तू वाक्यावर भाळला नाहीस. लेखकाने अख्खं प्रकरण पौषात नेलं. त्या रात्री मी घरी जाऊन सांगितलं, एक पोरगा आलाय.

तो पोरगा कुठे गेला?

ज्याला श्रावणातला हुरडा खुपतो, त्याला छप्पन्न सालातले साने गुरुजी खुपत नाहीत, हे मी मानणार नाही. तुला दिसत नव्हतं असं नाहीच. तू बघितलं नाहीस. आंधळ्यावर कोण रागावतं? डोळे मिटून बसलेल्यावर मी रागावते. काखेत कळसा आहे तुझ्या आणि तू गावभर विचारत फिरतोयस, पाणी भरायचा कोर्स कुठे लावू? दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तुझ्या टेबलावरून तीसएक पुस्तकं गेली. प्रत्येकातल्या चुकांची एक वही केली असतीस, कुठली चूक, कशामुळे, कोणाच्या नजरेतून सुटली, तर आज तू मला शिकवत असतास. आणि पुढच्या कार्यशाळेत खुर्चीत बसला नसतास, फळ्यापाशी उभा असतास.

ती फ्रेम काढ, असं मी म्हणत नाही. राहू दे. फक्त जरा बाजूला सरकव, प्रूफ पसरायला जागा लागते.

छापखान्याला मी फोन केलाय. सोमवारी फाइल जाणार नाही, गुरुवारी जाईल. लेखकालाही कळवलंय, कारण मात्र सांगितलेलं नाही. ते तू सांगशील, स्वतः, फोनवर. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. आणि बोलता बोलता त्या सभेचंही विचार, नीट, आदराने. त्यांना आठवायला वेळ दे.

उद्या सकाळी नऊला ये. सव्वानऊ म्हणजे नऊ नाही. मूळ हस्तलिखित घेऊन ये, सगळं. फोन दाराबाहेर. हे लाल पेन मी तुझ्याच टेबलावर ठेवून जातेय, येताना आण. कॉपी मी वाचेन, मोठ्याने, स्वल्पविरामासकट. खुणा तू करायच्या. पान पहिलं, ओळ पहिली.